अंगणात कुत्रा असेल तर लॉन खरी लावावी की कृत्रिम?

बेळगावात अनगोळ, हिंदवाडी, कणबर्गी अशा भागांत तीस बाय चाळीसच्या साईटवर घर बांधून झाले की पुढे-मागे उरलेल्या जागेचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. आणि घरात कुत्रा असेल तर पहिल्या पावसाळ्यातच तो ऐरणीवर येतो. जूनमध्ये तांबड्या मातीचा रबरबीत चिखल होतो, त्या चिखलाचे पाय व्हरांड्यातून थेट सोप्यापर्यंत उमटतात आणि घरातली मंडळी कंटाळून कृत्रिम लॉन टाकणाऱ्याला फोन लावतात. दुसरीकडे, हौसेने माळी लावून घातलेली खरी लॉन वर्षभरात जागोजागी करपलेली पाहून निराश झालेलेही पुष्कळ आहेत. दोन्ही बाजूंचे अनुभव खरे असतात, पण निवड करताना ज्या गोष्टी पाहायला हव्यात त्या बहुधा कोणी पाहत नाही. माझ्या मते अशा गोष्टी दोनच आहेत: कुत्र्याचे मूत्र शेवटी कुठे जाणार, आणि त्या जागेवर ऊन किती वेळ पडते. बाकीचे सगळे, म्हणजे खर्च, दिसणे, देखभाल, या दोन उत्तरांच्या मागून येते.

मूत्राचे काय होते

कुत्र्याच्या आहारात प्रथिने भरपूर असतात. प्रथिनांतला वापरून उरलेला नायट्रोजन यकृतात युरियाच्या रूपात बदलतो आणि मूत्रावाटे बाहेर टाकला जातो. हा युरिया आणि शेतकरी पोत्याने आणतो तो युरिया रसायन म्हणून एकच. पोत्यातल्या युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, तो शेतभर विस्कटून टाकला तर पीक तरारते, पण मूठभर एकाच बुडख्याशी पडला तर कोवळा कोंब करपतो, हे हुक्केरी-चिक्कोडीकडच्या ऊस लावणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. लॉनवर नेमके हेच घडते. करपलेला डाग जवळून पाहिला तर मधोमध तळहाताएवढे वाळके, पेंढ्याच्या रंगाचे वर्तुळ दिसते आणि त्याच्याभोवती आजूबाजूपेक्षा गडद हिरवे, उंच वाढलेले कडे दिसते. मध्यभागी नायट्रोजन आणि क्षार अति झाले, कडेला ते पातळ होऊन खत म्हणून लागू पडले.

निरोगी कुत्रा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण २० ते ४० मिलिलिटर मूत्र करतो. म्हणजे २५ किलोच्या कुत्र्याचे रोजचे अर्धा ते एक लिटर होते. मादी आणि लहान पिल्ले खाली बसून एकाच जागी मोकळी होतात, म्हणून त्यांचे डाग ठळक पडतात. वयात आलेला नर पाय वर करून झाडांच्या बुंध्यांवर आणि कुंपणावर थोडे थोडे उडवतो, म्हणून त्याचा उपद्रव लॉनपेक्षा कडेच्या झुडपांना अधिक होतो. मादीचे मूत्रच अधिक तीव्र असते, ही समजूत बरोबर नाही. मूत्र आम्लधर्मी असल्यामुळे गवत जळते, हीदेखील तशीच एक समजूत आहे, आणि ती जास्त घातक आहे, कारण तिच्यावर विसंबून लोक कुत्र्याच्या खाण्यात व्हिनेगर, टोमॅटोचा रस, खाण्याचा सोडा असले काहीबाही मिसळू लागतात. गवत जळते ते नायट्रोजन आणि क्षार एका जागी दाटल्यामुळे. मूत्राची आम्लता उगाच बदलत बसले तर मूत्रखड्याचा धोका वाढतो, गवत मात्र तसेच जळत राहते. खरा उपाय साधा आहे: कुत्रा मोकळा झाला की लगेच त्या जागेवर मूत्राच्या तिप्पट तरी पाणी ओतावे. अर्ध्या बादलीत काम होते. आठ-दहा तासांनी ओतलेल्या पाण्याचा मात्र फारसा उपयोग होत नाही.

खऱ्या मातीत या युरियाची वासलात कशी लागते ते समजून घेण्यासारखे आहे. मातीतल्या जिवाणूंजवळ युरिया फोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते युरियाचे अमोनियात रूपांतर करते. नाकाला झोंबणारा जो वास येतो तो याचाच. पण जिवंत मातीत गोष्ट तिथे थांबत नाही, कारण दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या अमोनियाचे पुढे नायट्रेट करतात आणि ते नायट्रेट गवताची मुळे शोषून घेतात. वास टिकत नाही, खत तयार होते आणि उरलेले क्षार पावसाबरोबर खाली झिरपून जातात.

कृत्रिम लॉनमध्ये या साखळीचा फक्त पहिला दुवा असतो. तिची पाती पॉलिथिलीनची किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात, ती काहीही शोषत नाहीत. मूत्र पात्यांमधून खाली उतरते, पात्यांच्या बुडाशी भरलेल्या वाळूत मुरते, मग तळाच्या थरातल्या छिद्रांमधून खडीत जाते. युरिया फोडणारे जिवाणू या वाळूतही असतात, त्यामुळे अमोनिया तयार होतो. पण तो वापरून टाकणारी मुळे तिथे नाहीत. जुन्या कृत्रिम लॉनचा कोपरा उचलून पाहावा: वरची पाती हिरवीगार असतात आणि खालची वाळू पिवळट, चिकट झालेली असते. बेळगावच्या पावसाळ्यात चार महिने ती आपोआप धुतली जाते, म्हणून जूनमध्ये टाकलेल्या लॉनचे मालक दिवाळीपर्यंत समाधानी असतात. वास साठू लागतो तो त्यानंतर, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात तो अंगणात बसू देत नाही.

म्हणून कृत्रिम लॉन घेणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की करून घ्यावी की जे काम माती फुकट करत होती ते आता घरातल्या कोणाला तरी करावे लागणार आहे. रोज पाणी मारणे, आठवड्यातून एकदा विकरयुक्त द्रावण शिंपडून ते मुरू देणे आणि मग धुणे, हा तो क्रम. वाळूऐवजी झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे भरले तर वास बराच कमी होतो, कारण ते खनिज अमोनियम धरून ठेवते. मात्र त्याचीही धरून ठेवण्याची क्षमता संपते, ती मिठाच्या पाण्याने काही अंशी परत आणता येते. वास मारण्यासाठी ब्लिचिंग पावडर किंवा तत्सम क्लोरीनयुक्त द्रव मात्र कधीही ओतू नये. क्लोरीन आणि अमोनिया एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. फिनेलही टाळावे, कारण त्यातली काही रसायने कुत्र्याच्या पायांतून आणि पाय चाटल्यावर पोटात जातात.

ऊन

खऱ्या गवताच्या पात्यांतून सतत बाष्प बाहेर पडते, त्यामुळे भर दुपारीही ते हवेपेक्षा फारसे तापत नाही. प्लास्टिकच्या पात्यांना ही सोय नाही. स्वच्छ उन्हात कृत्रिम लॉनचा पृष्ठभाग ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत, कधी त्याहूनही वर गेल्याची मोजमापे अनेक ठिकाणी झालेली आहेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि इथली संध्याकाळ उन्हाळ्यातही गार असते, म्हणून ‘आपल्याकडे तेवढे कुठे तापते’ असे आपण सहज म्हणतो; परंतु प्लास्टिक हवेच्या तापमानाने तापत नाही, ते थेट उन्हाने तापते, आणि एप्रिलमधल्या दुपारचे इथले ऊन चांगलेच कडक असते. अथणी, गोकाक, रायबागकडे तर त्याविषयी बोलायलाच नको.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि आपले अंग निववतो. तापलेल्या जमिनीवर उभा असेल तर तेही नीट साधत नाही, शिवाय तळव्यांची गादी भाजते ती वेगळीच. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ हाउंड आपल्या भागात अनेक घरांत दिसतो. त्याची कातडी पातळ, केस अगदी आखूड आणि अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. असा कुत्रा तापलेल्या प्लास्टिकवर आडवा झाला तर त्याचे पोट थेट भाजते. परीक्षा सोपी आहे: हाताची मागची बाजू लॉनवर टेकवून सात सेकंद ठेवावी. ठेववत नसेल तर कुत्र्याला तिथे सोडू नये. पाणी मारले की पृष्ठभाग गार होतो हे खरे, पण ते पाणी सुकले की लॉन थोड्याच वेळात पुन्हा तापते.

इथेच या दोन पर्यायांमधला खरा भेद दिसतो. खरी लॉन उन्हावर जगते, तिला रोज सहा तास तरी थेट ऊन हवे. कृत्रिम लॉन सावलीत चांगली राहते, उन्हात ती कुत्र्याला त्रास देते आणि स्वतःही लवकर झिजते. त्यामुळे ज्या जागेला एक योग्य, त्या जागेला दुसरी बहुधा अयोग्य ठरते. पूर्वेकडचे किंवा दक्षिणेकडचे मोकळे अंगण असेल तर तिथे प्लास्टिक टाकू नये, आणि दोन घरांमधली किंवा आंब्या-फणसाखालची अंधारी पट्टी असेल तर तिथे हरळीचा हट्ट धरू नये.

आपली माती, आपला पाऊस

बेळगाव जिल्ह्यात दोन वेगवेगळे प्रदेश शेजारी शेजारी नांदतात. खानापूर तालुका, बेळगाव शहर आणि त्याच्या पश्चिमेची गावे ही तांबड्या, जांभ्याच्या मातीची आणि मोठ्या पावसाची. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीकडे तर पाऊस कोकणाची बरोबरी करतो. पूर्वेला आणि उत्तरेला, म्हणजे गोकाक, अथणी, सौंदत्ती या बाजूला, काळी जमीन लागते आणि पाऊस शहराच्या जेमतेम निम्मा पडतो. निपाणीच्या अंगणाला जो सल्ला लागू पडेल तो जांबोटीच्या अंगणाला लागू पडेलच असे नाही.

तांबड्या मातीत अडचण येते ती पावसाळ्यात. तिच्यातले बारीक कण ओले असताना कुत्र्याच्या पायांखाली दाबले जातात, मातीतल्या हवेच्या जागा बुजतात आणि मुळे गुदमरतात. त्यातच सततची झिमझिम आणि आठवडा-आठवडा न दिसणारे ऊन, यामुळे गवताची वाढ मंदावते. झीज चालू राहते, भरपाई होत नाही. कुत्र्याच्या घरातली लॉन उन्हाळ्यात मरते असे लोकांना वाटते, पण इथे ती बहुतेक वेळा जुलै-ऑगस्टमध्येच मरते आणि उन्हाळ्यात फक्त उघडी पडते. यावर उपाय लावणीच्या आधीच करावा लागतो. वरची सहा इंच माती उकरून तीत जाड वाळू किंवा धुतलेली एम-सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, अंगणाला फाटकाकडे किंवा गटाराकडे स्पष्ट उतार द्यावा आणि छपराचे पाणी थेट लॉनवर पडणार नाही अशी पन्हळ लावावी. दरवर्षी पाऊस सरल्यावर काटेफावड्याने जमिनीत खोल भोके पाडून त्यांत वाळू घातली तर दबलेली माती पुन्हा श्वास घेऊ लागते. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे आणि माझ्या मते सगळ्या खतांपेक्षा मोलाचे आहे.

काळ्या जमिनीचा स्वभाव निराळा. ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यावर खरी लॉन पाणी जपून दिल्यास उत्तम येते. उलट कृत्रिम लॉनचा पाया मात्र दोन-तीन वर्षांत खालीवर होतो, सांधे उकलतात आणि खड्ड्यांत मूत्र साचते. अशा ठिकाणी प्लास्टिक टाकायचेच असेल तर काळी माती पुरेशी खोल काढून मुरूम भरून घ्यावा लागतो, आणि तो खर्च अंदाजपत्रकात बहुधा दाखवलेला नसतो.

गवत कोणते, प्लास्टिक कसले

खऱ्या गवतांमध्ये कुत्र्यासाठी मी निःशंकपणे हरळीच्या जाती सुचवेन. रोपवाटिकेत त्या ‘बर्म्युडा’ किंवा ‘सिलेक्शन वन’ या नावांनी मिळतात. गणपतीला वाहतो ती दूर्वा याच कुळातली, आणि बांधावरची हरळी काढताना शेतकऱ्याला घाम का फुटतो ते आठवले की तिची ताकद कळते: ती जमिनीवरून आणि जमिनीखालून, दोन्ही अंगांनी धावते. हरळी मूत्राने लवकर करपते हे खरे आहे, पण करपलेली जागा ती काही आठवड्यांत स्वतःच भरून काढते. मऊ गादीसारखी दिसणारी मेक्सिकन किंवा कोरियन लॉन दाट असते, पण तिची वाढ सावकाश. एकदा उखडली की महिनोन् महिने तसाच टक्कलाचा डाग राहतो. सावलीत रुंद पात्याचे बफेलो गवत थोडेफार तग धरते, पण धावपळ त्यालाही सोसत नाही. मुधोळ हाउंडसारखा वेगाने धावून जागच्या जागी वळणारा कुत्रा असेल तर वळणाच्या जागी कोणतेही गवत टिकणार नाही हे धरून चालावे; त्याची धाव मैदानात भागवावी, चारशे चौरस फुटांत नव्हे.

कृत्रिम लॉन मुळात कुत्र्यांसाठी निघालेली नाही. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या बंदिस्त ॲस्ट्रोडोम क्रीडागारात नैसर्गिक गवत जगेना, म्हणून १९६६ साली तिथे ती अंथरली गेली आणि ‘ॲस्ट्रोटर्फ’ हे नाव रूढ झाले. आज दुकानात गुंडाळी करून मिळते ती बरीचशी सजावटीची असते: आखूड पाती, पातळ तळ आणि पाणी जायला मोजकी छिद्रे. ती बाल्कनीला ठीक आहे, कुत्र्याच्या अंगणाला नाही. २५ ते ३५ मिलिमीटर उंचीची पाती पुरतात. त्याहून उंच पात्यांत विष्ठा अडकते आणि धुणे अवघड होते. तुकड्यावर पेलाभर पाणी ओतून ते किती वेळात खाली जाते ते दुकानातच पाहावे. भरण म्हणून टायरच्या रबराचा काळा चुरा घालू देऊ नये. तो अधिक तापतो, आणि पिल्ले तो खातात. युरोपीय संघाने २०२३ साली अशा मुद्दाम घातलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले असून कृत्रिम मैदानांतल्या दाण्यांसाठी आठ वर्षांची मुदत दिली आहे.

पाया हाच या कामाचा प्राण आहे. चार-पाच इंच माती काढायची, खाली मातीचे कण वर येऊ न देणारे जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचे, त्यावर खडी, तिच्यावर बारीक खडी, दर सहा-सात फुटांना एक इंच उतार, आणि मग लॉन. जुन्या कोब्यावर किंवा फरशीवर थेट चिकटवलेली लॉन कुत्र्याच्या घरात एक उन्हाळाही सुखाने काढत नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या घरांनी लक्षात घ्यावी: दिवाळीत भुईनळ्याची एक ठिणगी प्लास्टिकला कायमचे भोक पाडते. मुलांचा किल्लाही मग दुसरीकडेच करावा लागतो.

पाणी, आयुष्य आणि आरोग्य

पाण्याचा मुद्दा कृत्रिम लॉनच्या बाजूचा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. उन्हाळ्यात हरळीला दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी लागते. ५०० चौरस फुटांना ते रोजचे सुमारे दोनशे लिटर होते. राकसकोप जलाशयाची पातळी उतरली की शहरात पाणी दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा येते, आणि तेव्हा लॉनला एवढे पाणी घालणे मनाला पटत नाही. हरळी मात्र अशा वेळी पिवळी पडून झोपी जाते आणि वळवाच्या पहिल्या सरीने परत फुटते, म्हणून मे महिन्यात तिला आठवड्यातून दोनदा पाणी देऊन जगवता येते. कपडे खळबळलेले साबणाचे पाणी तिच्यावर ओतू नये, पण भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी जरूर वळवावे. प्लास्टिकलाही धुण्यासाठी आणि निववण्यासाठी पाणी लागतेच, त्यामुळे ‘शून्य पाणी’ ही जाहिरात कुत्र्याच्या घरात खरी ठरत नाही.

चांगली कृत्रिम लॉन आठ-दहा वर्षे टिकते. नंतर ती काढून टाकायची तर पाती, तळ आणि चिकटवण असे निरनिराळे पदार्थ एकात एक गुंतलेले असल्याने भंगारवालाही ती घेत नाही.

गोचिडीच्या भीतीने गवत नको म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपल्याकडची कुत्र्यावरची तपकिरी गोचीड अंडी घालायला बहुधा भिंतीच्या भेगा, कुत्र्याच्या घराचे कोपरे, पायरीखालच्या फटी शोधते. प्लास्टिक टाकून ती हटत नाही, भेगा बुजवून आणि पशुवैद्यांनी सांगितलेले औषध वेळेवर लावून हटते. अंकुशकृमींच्या अळ्या मात्र ओल्या मातीत तग धरतात, म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलणे आणि जंताचे औषध न चुकवणे खऱ्या लॉनवर अधिक गरजेचे आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य रोगाची भीती असते. त्याची लस मिळते. घरात नुकताच पार्व्होने कुत्रा दगावला असेल तर मातीत तो विषाणू कित्येक महिने जिवंत राहतो, आणि लस पूर्ण न झालेले नवे पिल्लू त्या अंगणात सोडू नये.

यापेक्षा मोठा धोका आपण स्वतः बागेत आणतो. एरंडीची पेंड हे उत्तम खत मानले जाते, पण तिच्यात रिसिन हे जहाल विष असते आणि तिचा वास कुत्र्याला आवडतो. ती खाऊन कुत्रे दगावतात. गोगलगायी मारण्याच्या गोळ्यांचेही तसेच. फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे; जुना डबा परड्यात कुठे पडलेला असेल तर तो कुत्र्याच्या वाटेतून आजच काढावा.

जागा वाटून द्यावी

निवड एकाचीच करावी असे कुठे आहे? कुत्रा अंगणात कसा वावरतो ते आठ-दहा दिवस नीट पाहिले की आराखडा आपोआप तयार होतो. जवळजवळ प्रत्येक कुत्रा कंपाउंडच्या भिंतीला लागून फेऱ्या मारतो आणि फाटकाशी येऊन उभा राहतो. त्या दोन-अडीच फुटांच्या वाटेवर गवत कधीच टिकत नाही. तिथे शहाबादी फरशी किंवा गोटे घालावेत. सावलीच्या एका कोपऱ्यात वाळूचा किंवा बारीक गोट्यांचा चौकोन करून तिथेच मोकळे व्हायची सवय लावावी. सकाळी उठल्याबरोबर आणि जेवणानंतर दोरीला धरून त्याच जागी नेले आणि तिथे मोकळा झाल्यावर शाबासकी दिली तर बहुतेक कुत्री काही आठवड्यांत शिकतात. उन्हाचा मोकळा भाग हरळीला द्यावा. कृत्रिम लॉन ठेवायचीच असेल तर ती पोर्चखाली किंवा जिन्याच्या सावलीत, रोज धुता येईल एवढ्याच तुकड्यात ठेवावी. पायांची ताकद गेलेला म्हातारा कुत्रा असेल तर हा तुकडा विशेष उपयोगी पडतो, कारण गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात.

लावणीसाठी जूनचा पहिला पंधरवडा धरावा. मुळे फुटलेल्या हरळीचे कोंब चार-चार इंचांवर टोचले तर इथल्या पावसावर ते दोन महिन्यांत जमीन झाकतात. तेवढे दिवस मध्ये जाळी लावून कुत्र्याला वाटेवर आणि वाळूच्या कोपऱ्यातच ठेवावे, फिरणे बाहेर दोरीने करावे. गवत ओढून पाहिले असता उपटून येत नाही अशी खात्री झाल्यावर, दोनदा कापणी करून, उघडीप असलेल्या दिवशी जाळी काढावी आणि पहिला आठवडाभर त्याला सकाळ-संध्याकाळ थोडाच वेळ आत सोडावे.